मारोतीचा नातू

गेली कित्येक वर्षं मी देवाजवळ काही मागितलेलं नाही. आमच्या गावच्या देवाचा जन्म माझ्या डोळ्यांदेखत झाला, त्यामुळे त्याच्यापुढे हात पसरायची सोय उरली नव्हती. तरी मनात एक इच्छा होती आणि रोज सकाळी उठल्यावर ती अजून तेवढीच गरम आहे ना, हे मी तपासून पाहायचो. मंदिराचे अध्यक्ष माझ्या आधी मरू नयेत. मागच्या वर्षी त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा सगळं गाव मारोतीपुढं जाऊन बसलं होतं. मीही बसलो. माझ्याइतकी कळकळ त्या दिवशी कोणाचीच नसेल.

आमचं गाव वरवट बकालहून सोनाळ्याकडं जाताना रस्त्यापासून थोडं आत आहे. गावाच्या शिवेवर कमरेएवढा एक दगड आहे. त्याला तेल-शेंदूर लागतो. वर्षानुवर्षं थरावर थर चढतात, दगड सुजल्यासारखा दिसायला लागतो आणि मग एखाद्या उन्हाळ्यात ते सगळं कवच तडकून आपोआप गळून पडतं. देवानं खोळ टाकली, असं आमच्याकडं म्हणतात. खोळ नदीत सोडायची आणि दगडाला लगेच नवा शेंदूर लावायचा. मधल्या वेळात देव उघडा असतो, म्हणून त्याला पाहायचं नाही. धोतराचा आडोसा धरायचा. ही रीत कोणी घातली माहीत नाही. ज्यानं घातली त्याला धर्म म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मी शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो, तेव्हा पहिल्यांदा खोळ पडलेली पाहिली. तोवर त्या देवाला धड नावही नव्हतं. म्हाताऱ्या त्याला शिवेवरचा बाबा म्हणत. अध्यक्ष त्या वेळी तरुण होते, अजून अध्यक्ष नव्हते, पण व्हायची घाई होती. त्यांना तिथं मारोतीचं मंदिर बांधायचं होतं. त्यांनी मला बोलावलं. "मास्तर, तुमी शिकले-सवरले. आडोशाच्या आत या, अन् सांगा देव कोनता हाय ते."

आत आम्ही तिघं होतो. अध्यक्ष, दिवा घेतलेला गुरव आणि मी. गुरवानं फडक्यानं तेल पुसलं. दगडावर तीन चौकटी कोरलेल्या होत्या. खालच्या चौकटीत काही गाई, त्यांच्यापुढे हातात शस्त्र घेतलेला एक माणूस आणि बाजूला तोच माणूस आडवा पडलेला. मधल्या चौकटीत दोन बाया त्याला हातांवर उचलून वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ज्यानं इतिहासाचं एक पुस्तक उघडलं असेल त्याला हे वाचता येतं. हा वीरगळ होता. गावच्या गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना कोणी मेला की त्याच्या नावानं असा दगड उभा करत. चंद्र-सूर्य असेतो याची आठवण राहो, एवढंच त्या माथ्यावरच्या कोरीवकामाचं म्हणणं.

"वीरगळ आहे," मी हळूच म्हणालो. "मेलेल्या माणसाचा."

अध्यक्षांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्यांनी पाहिलं होतं. मग सरळ होत ते म्हणाले, "मास्तर, मेलेल्या मानसाले मंदिर कोन बांधन? पाहा बरं नीट. आडवा पडला हाय तो पाय नाई, शेपूट असन."

त्यांचे वडील आमच्या शाळेच्या मंडळावर होते आणि माझी नोकरी कच्ची होती. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. ते पुरेसं नाही. खरं म्हणजे, आडोशाबाहेर अख्खं गाव माझ्या तोंडाकडं डोळे लावून उभं होतं आणि ते मला फार आवडलं होतं.

त्या गर्दीत माझा मित्र होता. तो खालच्या आळीतला, बौद्ध घरातला. बुलढाण्याला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो, एका पातेल्यात खिचडी शिजवायचो. मी इतिहास घेतला होता, त्यानं तत्त्वज्ञान. तो मला रात्रंदिवस पिडायचा. ज्ञान कुठून येतं ते सांग, म्हणायचा. डोळ्यांनी पाहून, पाहिलेल्यावरून अंदाज बांधून, आणि तिसरं, ज्याच्यावर भरवसा आहे अशा माणसाच्या शब्दावरून. "तुह्यावाल्या शास्त्रात हे तिन्ही दरवाजे उघडे," तो हसायचा, "आमच्या बौद्ध पंडिताइनं तिसरा लावून घेतला. काऊन, माहीत हाय? त्या दरवाज्यातून चोर लई येतात बे."

त्या दगडाबद्दल त्याच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. त्यांचा कोणी पूर्वज गावच्या शिवेचा राखणदार होता. डोंगराकडून आलेल्या टोळीनं गाई हाकल्या, तेव्हा तो एकटा आडवा गेला आणि मेला. गावानं त्याचा दगड बसवला. पुढं त्याच गावानं त्याच्या वंशजांना दगडाला हात लावू दिला नाही, हा या गोष्टीचा दुसरा भाग. धर्म बदलल्यावर त्याच्या आजानं तिथं नारळ फोडणं बंद केलं, पण वर्षातून एकदा घरातली सगळी माणसं दगडापासून जरा लांब, निंबाखाली जाऊन बसायची आणि म्हातारं माणूस पोरांना गोष्ट सांगायचं. पूजा नाही, नवस नाही. नुसती गोष्ट.

मी आडोशाआड जाण्याआधी तो मला म्हणाला होता, "हे पाह्य, तो आमचा होता असं तू म्हणू नको. त्याले पुरावा नाई, मले मालूम हाय. कदाचित आमच्या म्हाताऱ्यानंही बनवलं असन. तू फक्त एवढंच सांगजो, की हा मानूस हाय. मानूस. बस."

मी बाहेर आलो. घसा साफ केला आणि सांगितलं, स्वयंभू मारोती आहे, शेपूट स्पष्ट दिसते.

घंटा वाजल्या, गुलाल उडाला. माझ्या मित्रानं गर्दीतून ओरडून विचारलं, "शपथ घेऊन सांगतं काय बे? आमच्या घरची गोष्ट खोटी?" मी अंगावरचा गुलाल झटकत राहिलो. उत्तर अध्यक्षांनी दिलं. "काय हो, तुमचा आजा मारोती होता काय?" लोक हसले. मग ओट्यावरून कोणीतरी म्हणालं, "अबे, मारोती तं ब्रह्मचारी! त्याले नातू कुठून आला?" आणि सगळं गाव पोट धरून हसलं. मीही हसलो. मोठ्यानं नाही. पण त्यानं पाहिलं.

त्या दिवसापासून तो मारोतीचा नातू झाला. पानठेल्यावर, गिरणीत, बसच्या दारात. "सरका हो, मारोतीचा नातू येऊन राह्यला." मंदिर झालं, भोवती तारेचं कुंपण झालं, निंब तोडला. काही वर्षांनी त्याची मुलगी शाळेत माझ्याच वर्गात आली. पोरं तिच्या पाठीमागून शेपटीसारखा दोर फिरवायची. मी फळ्याकडं तोंड करून लिहीत राहायचो. ती आधी मला काका म्हणायची. त्या वर्षी कधीतरी सर म्हणायला लागली. पुढं ते सगळं कुटुंबच बुलढाण्याला निघून गेलं.

आणि मी इकडं देव वाढवत बसलो. दर हनुमान जयंतीला मला भाषण करावं लागे. नुसतं 'शेपूट दिसते' यावर किती बोलणार? म्हणून एका वर्षी मी एक गुराखी तयार केला. त्याच्या स्वप्नात वानर आलं आणि म्हणालं, मी शिवेवर आहे, मला उचलू नको. लोकांना आवडलं. पुढच्या वर्षी गुराख्याला आंधळी आई दिली आणि तिला दृष्टी दिली. काही वर्षांनी एक म्हातारा मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "सर, त्या गुराख्याले माह्या आज्यानं पाह्यलं होतं. डावा पाय जरा अधू होता त्याचा." अधू पाय मी दिलेला नव्हता. आता जयंतीच्या मिरवणुकीत एक मुलगा गुराखी होऊन लंगडत चालतो.

मोठमोठ्या धर्मांचे इतिहास वाचताना लोक विचारतात, ही पुराणं कशी निर्माण झाली असतील? शेकडो वर्षं लागली असतील, समाजमन असेल, प्रतीकं असतील. मी सांगतो. एक घाबरट मास्तर लागतो, एक महत्त्वाकांक्षी माणूस लागतो आणि आडोशाला धरायला एक धोतर लागतं. बाकीचं लोक स्वतः आनंदानं करतात. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. या बाळाची सुईण मी आहे.

माझी बायको दर शनिवारी निरंकार उपास करायची. आमचा मुलगा लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा तिनं तो धरला आणि मरेपर्यंत सोडला नाही. मी एकदा म्हणालो, दगड आहे तो. ती म्हणाली, "तुमच्यापाशी डोकं हाय. माह्यापाशी मारोती हाय. मले माह्यं राहू द्या." खरं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. तिच्या श्रद्धेत खोटं काहीच नव्हतं, आणि तिनं ज्यावर ती ठेवली होती त्यात खरं काहीच नव्हतं. या दोन वाक्यांच्या मध्ये मी तिच्याशी संसार केला. अध्यक्षांचा राग मला आहेच. पण ती पाण्याशिवाय बसलेली असताना मी शेजारी जेवलो, त्याचा हिशेब माझ्याच नावावर आहे.

मित्र बुलढाण्याला वारला. मला फोन आला होता. मी गेलो नाही. गेलो असतो तर त्याच्या तोंडाकडं पाहावं लागलं असतं आणि मेलेल्या माणसाबद्दल मी काय सांगू शकतो हे त्याला माहीत होतं.

या उन्हाळ्यात देवाच्या खांद्याला भेग पडली. गावात बातमी पसरली, मारोती खोळ टाकून राह्यला. अध्यक्षांनी मला घरी बोलावलं. ते आता चाकाच्या खुर्चीत असतात. आवाज मात्र तोच. "सर, मागच्या खेपेले तुमीच होते. आताही तुमीच सांगा लोकाइले चार शब्द."

मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. मी शांतपणे म्हणालो, "सांगतो. पण या वेळी आडोसा नको. देवाचं मूळ रूप सगळ्यांनी पाहिलं पाहिजे."

मला वाटलं, दचकतील. सावध होतील, विषय बदलतील. मी त्यांच्या डोळ्यांत लबाडी शोधत होतो. मला ती हवी होती. त्यांचे डोळे पाण्यानं भरले. "माह्या मनातलं बोलले सर," ते म्हणाले. "मरायच्या आंधी एकडाव त्याची शेपूट पाह्याची हाय मले. तवा नीट पाह्यलीच नाई."

ते विसरले होते. ज्या खोट्यासाठी मी त्यांचा सूड घेणार होतो, ते त्यांना आठवतच नव्हतं. घरी येताना मी रस्त्यात थांबलो. आपण सोडून द्यावं का, असं एक क्षण वाटलं. मग वाटलं, मित्राला सगळं आठवत होतं. शेवटपर्यंत. विसरायची चैन ज्याला परवडली त्याला माफी कशाला?

मी मित्राच्या मुलीला फोन केला. ती बुलढाण्याला कोर्टात वकील आहे. "शनिवारी ये," म्हणालो.  "कायले, सर?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "तुझ्या वडिलांना जे हवं होतं ते मी म्हणणार आहे." तिनं फोन ठेवला. येणार की नाही, सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी अख्खं गाव कुंपणात मावत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. नव्या पुजाऱ्यानं कवचाचे ढिले ढलपे काढले, तेलाचं फडकं फिरवलं. हळूहळू गाई दिसायला लागल्या, मग माणूस, मग पडलेला माणूस. अध्यक्षांची खुर्ची अगदी पुढं होती. कुंपणाच्या बाहेर, पूर्वी निंब होता त्या जागी, ती उभी होती. पांढरी साडी, हातात पिशवी. बसनं आली असावी.

मी माईक घेतला नाही. एकेका चौकटीवर बोट ठेवून शाळेत शिकवायचो तसं सांगितलं. या गाई. हा त्या राखणारा. हा मेला. या त्याला वर नेतात, असं त्या काळचे लोक मानत. हे चंद्र-सूर्य. हा मारोती नाही. हा माणूस आहे.

 मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजे मारोती गाई राखे काय हो?" दोन-चार जण हसले. अध्यक्ष मात्र दगडाकडंच पाहत होते. खुर्चीतून पुढं वाकून, अगदी लहान पोरासारखं त्यांनी विचारलं, "सर, शेपूट कुठी गेली?"

हा प्रश्न ऐकायला मी म्हातारा झालो होतो. "शेपूट नव्हतीच," मी म्हणालो. "ती मी लावली, अध्यक्ष. तुमच्या सांगण्यावरून, याच जागी. गुराखी मी बनवला. आंधळी आई मी बनवली. तुम्ही सगळ्यांनी ज्याला मारोतीचा नातू म्हणून गावातून घालवलं, तो एकटा खरं बोलत होता. आणि आपण दोघांनी हा दगड तेव्हा डोळ्यांनी पाहिला होता."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आठवलं असावं. आठवलं असावं, अशी मी अजूनही आशा धरतो. लगेच त्यांच्या मुलानं खुर्ची मागं ओढून नेली. तरणी पोरं माझ्या अंगावर धावली. "म्हातारचळ लागला सराले!" "बाहेर काढा रे याले!" कोणी कॉलर धरली. मला मजा येत होती हे मी लपवत नाही.

तेवढ्यात ती फाटकातून आत आली. गर्दी आपोआप बाजूला झाली. वकील आहे, हे माहीत असावं. ती दगडापुढं जमिनीवर बसली. हात जोडले नाहीत. दगडाला हात लावून ती एक एक गाय पाहत होती. मग मान न वळवता म्हणाली, "बाबाले गाई किती होत्या ते मालूम नव्हतं. ते गोष्टीत पुष्कळ सांगत."

"तो तुमचाच पूर्वज असेल," मी म्हणालो. मला काहीतरी द्यायचं होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तेच तिच्या बापाचे डोळे. "कशावरून, सर? पुन्हा पुराव्याबिगर सांगून राह्यले तुमी. बाबा म्हणत, एवढंच मले मालूम हाय." ती उठली, साडी झटकली. "मानूस म्हणाले ना? तेवढं पुरे. त्याच्यापुढं जाऊ नका." मी तिच्यामागं फाटकापर्यंत गेलो. ती काका म्हणाली नाही. मी थांबलेल्या जागीच राहिलो आणि ती रस्त्याकडं निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी कमिटीनं दगडाला दुप्पट शेंदूर लावला. चांदीचे डोळे बसवले आणि या वेळी मागून एक पितळी शेपूटही जोडली. त्याला आता वीर मारोती म्हणतात. गाई राखणारा अवतार, असं नवीन पुजारी सांगतो. त्यानं माझंच भाषण वापरलं आहे. मला ऐकून राग आला, मग हसू आलं. मी त्याचा गुरू आहे. पण घरोघरच्या मोबाईलमध्ये उघडा दगड आहे. तिथं शेंदूर पोचत नाही.

अध्यक्ष घराबाहेर पडत नाहीत. आजारी आहेत म्हणतात. मी भेटायला गेलो नाही आणि जाणार नाही.

दर शनिवारी मी मंदिरासमोर पानठेल्याच्या बाकावर जाऊन बसतो. कोणी बाहेरगावचं दर्शनाला आलं की सांगतो, शेंदराच्या खाली गाई आहेत, आणि एक माणूस आहे. काही ऐकतात, काही लांबून जातात. गावात माझं नाव कोणी घेत नाही आता. सरही म्हणत नाहीत. मी रस्त्याला लागलो की ठेल्यावरून आवाज येतो, "सरका बे, मारोतीचा नातू येऊन राह्यला."

"हाव," मी होकार देतो, आणि बाकावर माझ्या जागी जाऊन बसतो.